सेवेचे श्रेय संस्थेला, धोका विद्यार्थ्याला!

२० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आदळले. राज्यात जवळजवळ शंभर माणसे दगावली. एकट्या कोलकात्यात हजारो झाडे उन्मळून पडली, विजेच्या तारा रस्त्यांवर लोळू लागल्या आणि अनेक वस्त्या कित्येक दिवस विजेवाचून व पाण्यावाचून राहिल्या. काळ टाळेबंदीचा होता. पडलेली झाडे हटविण्यासाठी अखेर लष्कराला पाचारण करावे लागले. त्याच दिवसांत शहरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे गट धान्य, ताडपत्र्या आणि औषधे घेऊन सुंदरबनातील बुडालेल्या गावांकडे निघाले होते. एक वर्षाने, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेने शहराचा श्वास कोंडला, तेव्हा डाव्या विद्यार्थी-युवक संघटनांच्या कार्यकर्त्यांची ‘रेड व्हॉलंटियर्स’ ही पथके रात्री-अपरात्री ऑक्सिजनचे सिलिंडर खांद्यावर घेऊन जिने चढत होती. ज्या दारांशी सख्खे नातेवाईक थबकले, त्या दारांतून विशी-बाविशीची मुले आत गेली.

ह्या मुलांचे कौतुक पुष्कळ झाले. कौतुकाला पैसे पडत नाहीत. परंतु त्या कौतुकात एक साधा प्रश्न बुडून गेला. ह्या कामात एखादा विद्यार्थी आजारी पडला, पाण्यात वाहून गेला, विजेचा धक्का बसून कायमचा अपंग झाला, तर त्याचा भार कोणी उचलायचा? त्याला पाठविणाऱ्या महाविद्यालयाने? कार्यक्रम आखणाऱ्या शासनाने? हाक देणाऱ्या संघटनेने? की डोक्यावर आधीच कर्ज असलेल्या त्याच्या आईबापांनी?

आज ह्या प्रश्नाला जे उत्तर व्यवहारात मिळते ते एका कागदावर छापलेले असते. शिबिरापूर्वी पालकांकडून सही करून घेतलेला तो कागद सर्वांच्या परिचयाचा आहे: ‘माझा पाल्य स्वेच्छेने सहभागी होत असून काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.’ संस्थांच्या कार्यालयीन भाषेत ह्याला ‘जोखीम व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव आहे. वस्तुतः ह्या कागदाने जोखीम तसूभरही कमी होत नाही. ती केवळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर, बलवानाकडून दुर्बळाकडे, सरकविली जाते. नदीची खोली, तारेतील प्रवाह आणि पाण्यातील जंतू पालकांची सही वाचत नाहीत.

परंपरा धाडसाची, तशीच शिस्तीचीही

विद्यार्थ्यांनी संकटात धाव घेणे ही कोलकात्यात नवी गोष्ट नाही. १८९९ साली शहरात प्लेगने थैमान घातले, तेव्हा रामकृष्ण मिशनने मदतकार्य उभारले आणि त्याची सूत्रे भगिनी निवेदितांकडे आली. २२ एप्रिल १८९९ रोजी क्लासिक थिएटरात, स्वामी विवेकानंदांच्या अध्यक्षतेखाली, त्यांनी ‘प्लेग आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य’ ह्या विषयावर व्याख्यान दिले. त्या आवाहनानंतर पंधराएक विद्यार्थ्यांनी आपली नावे नोंदविली. बागबाजार आणि आसपासच्या वस्त्यांत गल्ल्या साफ करणे, स्वच्छतेची माहिती देणारी पत्रके घरोघरी पोहोचविणे ही कामे त्यांच्याकडे आली. महाराष्ट्राला ह्या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. दोनच वर्षांपूर्वी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यातील प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुल्यांनी प्राण ठेवले होते. सेवेतील धोका किती खरा असतो, हे त्या मृत्यूने दाखवून दिले आहे.

निवेदितांच्या कामातील एक बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना नुसते रोग्यांच्या गर्दीत लोटून दिले नाही. कामाला वेगळी समिती होती, देखरेखीला स्वामी सदानंदांसारखा प्रमुख होता, विद्यार्थ्यांनी काय करावयाचे हे नेमून दिलेले होते आणि निवेदिता स्वतः झाडू घेऊन त्याच गल्लीत उतरत होत्या. ज्याने हाक दिली तो धोक्याच्या जागी हजर होता. हाक देणारा वातानुकूलित दालनात आणि हाकेला ओ देणारा चिखलात, ही विभागणी पुढच्या काळाची देणगी आहे.

१९४३ च्या भीषण दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे मेली. उपासमारीच्या मागोमाग कॉलरा, मलेरिया आणि देवी आल्या. कोलकात्यात स्थापन झालेली पीपल्स रिलीफ कमिटी, महिलांच्या समित्या आणि विद्यार्थी फेडरेशनचे कार्यकर्ते ह्यांनी लंगरखाने चालविले, औषधे वाटली. त्या पिढीने आजाराचा धोका पत्करला. परंतु तिने त्यातून एक धडाही घेतला, आणि त्या धड्याचे मूर्त रूप आजही कोलकात्यात मौलाली येथे उभे आहे.

१९५२ साली स्थापन झालेले स्टुडंट्स हेल्थ होम ही ती संस्था होय. फाळणीनंतरचा तो काळ. निर्वासितांनी भरलेले शहर, अर्धपोटी शिकणारी मुले आणि त्यांच्यात पसरलेला क्षय. एकेका विद्यार्थ्याने एकट्याने डॉक्टर आणि औषधे ह्यांचा खर्च करणे अशक्य होते. तेव्हा सर्वांनी मिळून थोडी थोडी वर्गणी द्यावी आणि जो आजारी पडेल त्याच्यावर त्यातून उपचार व्हावेत, अशी योजना आखण्यात आली. शिक्षणसंस्था सभासद झाल्या, विद्यार्थ्यांनी अल्प वार्षिक वर्गणी दिली, डॉक्टरांनी आपले श्रम दिले, आणि संस्थेच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत पसरल्या. संकट एकावर येते, परंतु त्याचा भार सर्वांनी वाहिला तर तो कोणालाच चिरडत नाही, हे तत्त्व तिथे पुस्तकात न राहता दवाखान्याच्या रांगेत उतरले. जोखमीचे खरे व्यवस्थापन ह्याला म्हणतात. पालकांच्या सहीचा कागद हा त्याच्या नेमका उलट टोकाचा प्रकार आहे.

कागदाची कायदेशीर किंमत

ज्या हमीपत्राच्या भरवशावर संस्थाचालक निर्धास्त असतात, ते कायद्याच्या कसोटीला फारसे उतरत नाही. ह्या बाबतीतील सर्वांत प्रसिद्ध खटलाही कोलकात्याचाच आहे. धर्मोदास घोष ह्या अज्ञान मुलाने १८९५ साली तेथील एका सावकाराकडे आपली मालमत्ता गहाण ठेवली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष ह्या १९०३ च्या निकालाने नियम पक्का झाला की, १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. कनिष्ठ महाविद्यालयातील सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या हक्कांवर सोडलेले पाणी म्हणूनच पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखे आहे. सज्ञान विद्यार्थ्याच्या बाबतीतही त्याच कायद्याचे २३ वे कलम सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध जाणाऱ्या कराराला मान्यता देत नाही, आणि २८ वे कलम न्यायालयाचा दरवाजा पूर्णपणे बंद करणारी अट निरर्थक ठरविते.

न्यायालयांनी संस्थांच्या जबाबदारीविषयी काय म्हटले आहे, तेही पाहण्याजोगे आहे. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली असता १४ मुले बुडून मरण पावली. सोबतच्या शिक्षकांच्या हलगर्जीपणाबद्दल शाळाही उत्तरदायी आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला आणि प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली. ८ जून २०१४ रोजी त्याच नदीत, धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात, हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रत्येक कुटुंबाला २० लाख रुपये देण्याचा आदेश देताना जबाबदारीची वाटणीही केली: वीज मंडळावर ६० टक्के, महाविद्यालयावर ३० टक्के आणि राज्य शासनावर १० टक्के.

ही दोन्ही प्रकरणे सहलींची आहेत, सेवाकार्याची नव्हेत, हे खरे. परंतु त्यांतून निघणारे तत्त्व सेवाकार्याला अधिकच लागू पडते. सहलीला जाणारा विद्यार्थी स्वतःच्या आनंदासाठी वा शिक्षणासाठी जातो. सेवेला जाणारा विद्यार्थी समाजाचे काम करतो. आनंदासाठी गेलेल्याची काळजी घेण्यास संस्था बांधील असेल, तर जनतेचे काम करायला गेलेल्याची काळजी घेण्यास ती बांधील नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

तरीसुद्धा न्यायालयाच्या ह्या निकालांवर विसंबून राहता येत नाही. १९९५ साली मुले बुडाली आणि अंतिम निकाल २००१ साली लागला. सहा वर्षे वकील पोसण्याची ताकद किती पालकांजवळ आहे? शेतमजुराच्या, गिरणीतून बाहेर फेकल्या गेलेल्या कामगाराच्या मुलासाठी कायद्यातला हक्क आणि हातात पडणारी भरपाई ह्यांमध्ये एक आयुष्य निघून जाते. म्हणूनच प्रश्न निकालाचा नसून निकालापर्यंत जाण्याची पाळीच येणार नाही अशा व्यवस्थेचा आहे.

श्रम मोजायचे, श्रमिक मानायचे नाही

ह्या देशात काम करताना इजा झालेल्या माणसासाठी १९२३ पासून भरपाईचा कायदा आहे. त्यासाठी झगडलेल्या कामगार चळवळीचा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु कायद्याचे संरक्षण मिळविण्यासाठी माणूस कोणाचा तरी ‘कर्मचारी’ असावा लागतो. स्वयंसेवकाला वेतन नाही, नेमणूकपत्र नाही, म्हणून त्याला भरपाईही नाही. कुतूहलाची गोष्ट अशी की, शिकणाऱ्या हातांना संरक्षण देणे अशक्य असते असे मुळीच नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या १६ व्या कलमानुसार, प्रशिक्षणाच्या ओघात उमेदवाराला अपघाताने इजा झाली तर मालकाने त्याला कामगार भरपाई कायद्याच्या धर्तीवर भरपाई द्यावी लागते. कारखान्यात शिकणाऱ्या मुलाचे बोट यंत्रात सापडले तर कायदा जागा होतो. त्याच वयाच्या मुलाचा पाय पूरग्रस्त गावातील ढिगाऱ्याखाली सापडला तर कायदा झोपी जातो.

करोनाच्या काळात ही विसंगती उघडी पडली. ३० मार्च २०२० पासून केंद्र शासनाने आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना लागू केली. तीत स्वयंसेवकांचाही उल्लेख होता. परंतु शासनाने वा शासकीय संस्थेने कोविडच्या कामासाठी रीतसर बोलावून घेतलेल्यांपुरताच तो होता. म्हणजे शासनाने ज्यांना बोलाविले ते विम्याच्या छत्राखाली, आणि शासन पोहोचले नाही म्हणून जे आपण होऊन गेले ते छत्राबाहेर! रुग्णाच्या खोलीतील विषाणूने मात्र हा भेद पाळला नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेची कहाणी ह्याहून वेगळी नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. आज तिच्या स्वयंसेवकांची संख्या सुमारे ४० लाख आहे. प्रत्येकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या शिबिराला जावे, अशी अपेक्षा असते. तासांचा हिशेब काटेकोर ठेवला जातो. परंतु बरीच वर्षे वर्षभराच्या नियमित कामासाठी दरडोई २५० रुपये आणि सात दिवसांच्या शिबिरासाठी दरडोई ४५० रुपये एवढीच तरतूद होती. एवढ्या रकमेत मुलांचे जेवण भागविताना कार्यक्रम अधिकाऱ्याच्या नाकी नऊ येतात; हातमोजे, बूट आणि प्रथमोपचाराची पेटी ह्यांचे नावच काढायला नको.

‘स्वेच्छा’ ह्या शब्दाचा हिशेब

संस्थांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो. विद्यार्थी स्वतःच्या इच्छेने येतो. ज्याने स्वेच्छेने धोका पत्करला त्याला तक्रार करण्याचा अधिकार नाही. इंग्रजांच्या न्यायालयांनी हे तत्त्व एकेकाळी खाणीतील आणि रेल्वेतील मजुरांविरुद्ध मुक्तहस्ते वापरले होते. मजुराला धोका ठाऊक होता, तरी तो कामावर आला, म्हणजे त्याची संमती होती, असा तो न्याय होता! पोटासाठी आलेल्या माणसाच्या संमतीला काय अर्थ असतो, हे समजायला त्या न्यायालयांना कामगारांचे अनेक संप पाहावे लागले.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत ‘स्वेच्छा’ ह्या शब्दाचा आशय दिवसेंदिवस पातळ होत चालला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतील सहभागासाठी सवलतीचे गुण देण्याची पद्धत महाराष्ट्रातील विद्यापीठांत जुनी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समाजकार्य थेट श्रेयांकांत मोजले जाऊ लागले. श्रेयांक मिळाले नाहीत तर पदवी अडते. ज्या कामावाचून पदवी मिळत नाही, ते काम स्वेच्छेचे कसे? समाजकार्याला अभ्यासक्रमात स्थान मिळावे, ह्याला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. उलट हातांनी काम न करता शिकलेली पिढी समाजाला परवडणारी नाही. परंतु जे काम शिक्षणाचा भाग म्हणून करून घ्यायचे, त्यातील धोका ‘खासगी’ म्हणून विद्यार्थ्याच्या घरी पाठविणे ही शुद्ध लबाडी आहे.

ह्यात वर्गीय बाजूही आहे. सुखवस्तू घरातील मुलाला शिबिरात इजा झाली तर त्याच्या वडिलांचा आरोग्य विमा असतो, ओळखीचे डॉक्टर असतात, आणि अवघड शिबिर टाळण्यासाठी वैद्यकीय दाखलाही मिळतो. गरीब घरातील मुलगा सवलतीच्या गुणांसाठी, कधी सात दिवसांच्या पोटभर जेवणासाठीसुद्धा, शिबिराला जातो. त्याचा हात मोडला तर घरची एक म्हैस विकली जाते. जोखीम सर्वांना सारखी वाटली जाते हा भ्रम आहे. समाजात संपत्तीची जशी वाटणी झालेली आहे, तिच्या उलट्या क्रमाने जोखमीची वाटणी झालेली आहे.

भीतीचे उत्तर बंदी नव्हे

ह्यावर काही प्राचार्य म्हणतील की, एवढी जबाबदारी अंगावर येणार असेल तर असे कार्यक्रम न केलेले बरे. ही भीती सर्वस्वी खोटी नाही. शंभर स्वयंसेवकांच्या एका पथकामागे एक कार्यक्रम अधिकारी असतो. तो मूळचा इतिहासाचा किंवा मराठीचा अध्यापक. पूरग्रस्त गावात काम कसे करावे ह्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. दुर्घटना घडली की चौकशीच्या फेऱ्यात पहिला तोच सापडतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा राज्यभर अध्यापकांच्या मनात धडकी भरली. अध्यापकाला बळीचा बकरा करून संस्थाचालक आणि शासन नामानिराळे राहणार असतील, तर कोणताही शहाणा अध्यापक विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर नेणार नाही.

ह्याचा परिणाम काय होतो? सेवाकार्यातील सेवा निघून जाते आणि कार्य तेवढे उरते. फलक हाती घेऊन मिरवणूक काढायची, आधीच स्वच्छ असलेल्या मैदानावर झाडू फिरवायचा, छायाचित्र काढून अहवाल पाठवायचा. जिथे माणसाला माणसाची गरज आहे, तिथे विद्यार्थी पोहोचत नाही. विद्यार्थी आणि श्रमिक जनता ह्यांच्यातील भिंत ज्यांना हवीच असते, त्यांच्यासाठी ही व्यवस्था सोयीची आहे. बंदी आणि बेफिकिरी ही एकाच नाण्याची दोन तोंडे आहेत. दोन्हींत विद्यार्थ्याची काळजी नाही. दोन्हींत केवळ संस्थेची काळजी आहे.

करण्याजोग्या गोष्टी

उपाय अवघड नाहीत. पहिली गोष्ट, धोका कमी करणे. पडलेल्या झाडाला हात लावण्यापूर्वी वीज कंपनीने त्या भागाचा प्रवाह बंद केल्याची खात्री करून घेणे. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्याला गुडघ्यापर्यंतचे बूट आणि धनुर्वाताची लस देणे. पोहता न येणाऱ्याला होडीत न पाठविणे आणि येणाऱ्यालाही तरंगजाकिटाविना न पाठविणे. ऑक्सिजनचा सिलिंडर एकट्याने न उचलणे व ज्योतीजवळ न उघडणे. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. घाण पाण्यात काम करणाऱ्याला तापाची लक्षणे आणि प्रतिबंधक औषधाची माहिती आधीच मिळाली पाहिजे, हा त्या साथीचा धडा आहे. ह्या सर्व गोष्टींना लाखो रुपये लागत नाहीत. एक दिवसाचे प्रशिक्षण आणि जबाबदार माणूस लागतो.

दुसरी गोष्ट, धोका प्रामाणिकपणे सांगणे. जबाबदारी झटकणाऱ्या हमीपत्राऐवजी माहितीपत्रक द्यावे: काम कोणते, ठिकाण कोणते, धोके कोणते, जवळचे रुग्णालय कुठे, सोबत कोण, आणि खर्च कोण करणार. त्यावर विद्यार्थ्याची सही जरूर घ्यावी, परंतु त्याच कागदावर प्राचार्यांचीही सही असावी. आणि एखादे काम धोक्याचे वाटले तर ते नाकारण्याचा हक्क विद्यार्थ्याला असावा. त्यासाठी त्याचा एकही गुण कापला जाऊ नये.

तिसरी गोष्ट, घडलेल्या हानीचा भार सामुदायिकपणे उचलणे. शासनाचीच प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १ जून २०२२ पासून वर्षाला २० रुपये हप्त्यात २ लाख रुपयांचे अपघाती मृत्यूचे संरक्षण देते. ४० लाख स्वयंसेवकांचा हप्ता शासनाने भरायचा म्हटला तर तो ८ कोटी रुपये होतो. केंद्र शासनाच्या तिजोरीला ही रक्कम मुंगीच्या चाव्याएवढीही नाही. अर्थात ही योजना पुरेशी नाही. ती १८ वर्षांखालील विद्यार्थ्यांना लागू होत नाही, रुग्णालयाचा खर्च देत नाही, आणि संसर्गजन्य रोगाने आलेला मृत्यू हा तिच्या दृष्टीने अपघात नसतो. म्हणून शिकाऊ उमेदवार कायद्याच्या १६ व्या कलमासारखी तरतूद विद्यार्थी-स्वयंसेवकांसाठीही करावी, ही मूळ मागणी आहे. आपत्ती निवारणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत प्रशिक्षित स्वयंसेवकांना गटविमा देण्यात आलेलाच आहे. जे तिथे शक्य झाले ते प्रत्येक महाविद्यालयात अशक्य का असावे?

चौथी गोष्ट, स्वयंसेवकाच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर काय, ह्याचे उत्तर. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आणि रस्त्यावरील अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळाले. पूर, वादळ आणि साथ ह्यांत धावून जाणाऱ्यालाही तेच संरक्षण हवे. त्याचबरोबर ज्याला इजा झाली त्या गरीब माणसालाही भरपाई हवी. ती कार्यक्रम आखणाऱ्या संस्थेने द्यावी. मदत घेणाऱ्याचा जीव मदत देणाऱ्याच्या जिवाहून स्वस्त नाही.

ह्या कसोट्या केवळ शासनाला आणि महाविद्यालयांना लावून भागणार नाही. डाव्या संघटना जेव्हा तरुणांना संकटाच्या जागी बोलावितात, तेव्हा त्यांनाही हीच मोजपट्टी लागू होते. जो पक्ष कारखान्याच्या मालकाकडून सुरक्षेची साधने मागतो, त्याच्या पथकातील मुलाच्या तोंडावर चांगला मुखवटा आणि पाठीमागे उपचाराचा निधी असलाच पाहिजे. त्याग ही मोठी गोष्ट आहे, परंतु निष्काळजीपणामुळे वाया गेलेला जीव हा त्याग नव्हे. चळवळीला प्रत्येक तरुणाचे उरलेले आयुष्य हवे असते.

शासनाने निधी द्यावा, विद्यापीठांनी नियम करावेत, संस्थाचालकांनी आपला वाटा उचलावा, हे सर्व आपोआप घडणार नाही. प्राध्यापकांच्या संघटनांनी कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या संरक्षणाचा आणि विद्यार्थी संघटनांनी स्वयंसेवकांच्या भरपाईचा प्रश्न एकाच मागणीपत्रात मांडला पाहिजे, कारण अध्यापकाला विद्यार्थ्याविरुद्ध उभे करूनच संस्थाचालक आजवर सुटत आले आहेत. पुढील शिबिरापूर्वी हमीपत्राचा कागद समोर येईल, तेव्हा सही करण्याआधी प्रत्येक महाविद्यालयात एक प्रश्न मोठ्याने विचारला गेला पाहिजे: विम्याचा कागद कुठे आहे?